भवानी सबनीस, वजन चार ग्रॅम

१० सप्टेंबर

सकाळी दूध आणलं. विजेचं बिल भरलं. दुपारी वरणभात. संध्याकाळी दिवा लावला आणि पाल अंगावर पडली.

पाल हॉलमधली, ट्यूबलाइटच्या मागे राहणारी. ताई तिला भवानी म्हणायची. रोज दिवेलागणीला ती बाहेर आली की ताई झाडूची मूठ भिंतीवर दोनदा आपटायची. "आलीस का भवानी? भाडं द्यायला आलीस?" मग भवानी ट्यूबमागे पळायची आणि ताई कुकर लावायची. तीन वर्षांपूर्वी झाडू जरा जोरात लागला आणि शेपूट तुटलं. नवं आलं ते आखूड आणि फिकट, म्हणून ती ओळखू येते. शेपूट तुटलं त्या दिवशी ताई जेवली नाही. पोटात बरं नाही म्हणाली.

ताईला जाऊन तीन महिने झाले. माझी बदली कोलकात्याला गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयात झाली तेव्हा ती दोन महिन्यांसाठी माझं बस्तान बसवायला आली होती. सव्वीस वर्षं राहिली. नऊ वर्षांपूर्वी मी निवृत्त झाल्यावर डमडमचा हा फ्लॅट तिनेच पसंत केला.

धाकट्या बहिणीचा, तेजस्विनीचा, पुण्याहून रोजच्यासारखा फोन आला. बोलत नाहीस तर लिहीत तरी जा, असं तीच म्हणाली होती, म्हणून ही वही. पाल पडल्याचं तिला सांगायला नको होतं.

"कुठे पडली?"

"हॉलमध्ये."

"अरे दादा, अंगावर कुठे?"

"खांद्यावर."

"उजव्या की डाव्या? थांब, पंचांग आणते." पानं उलटल्याचा आवाज आला. "उजव्यावर असेल तर जय. डाव्यावर असेल तर..." पुढचं तिने वाचलं नाही. "उजव्यावरच असेल ना?"

"असेल."

"आंघोळ कर आणि देवापाशी दिवा लाव. हे घर आता तुला धार्जिणं नाही, दादा. सुयशची खोली रिकामीच आहे इकडे." सुयश तिचा मुलगा.

आंघोळ केली. बाहेर आलो तर भवानी चपलांच्या स्टँडपाशी तशीच पडून होती. एक डोळा मिटल्यासारखा. भिंतीवर चढायला जाते आणि घसरते. मेली तर वास येईल, म्हणून फरसाणाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. दाभण तापवून झाकणाला भोकं पाडली.


११ सप्टेंबर

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केले. पहिल्या ठिकाणी विचारलं, कुत्रा की मांजर. मी म्हणालो, पाल. ती मुलगी म्हणाली, "पेस्ट कंट्रोलचा नंबर वेगळा आहे, काका." दुसऱ्याने फोन ठेवला. तिसरे गृहस्थ चांगले होते. एखाद्या झाडाखाली सोडा म्हणाले. मी म्हटलं, ती झाडावर कधी राहिलेली नाही, फ्लॅटमध्येच वाढली आहे. तेव्हा त्यांनीही ठेवला.

मोबाइलवर शोधलं. लोक परदेशी पाली पाळतात. त्यातली एक लेपर्ड गेको. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात. तिच्यासाठी डॉक्टर असतात.

चौथा फोन दक्षिण कोलकात्यातल्या एका दवाखान्यात केला. "माझी लेपर्ड गेको आजारी आहे," असं म्हणालो. लगेच उद्याची वेळ मिळाली. नोकरीत इतकी वर्षं काढली, कधी खोटा प्रवासभत्ता घेतला नाही. फोन ठेवल्यावर घाम आला होता. पण भूकही लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.


१२ सप्टेंबर

मेट्रोत प्राणी नेता येत नाहीत. भवानीचा डबा कापडी पिशवीत तळाशी ठेवला आणि त्यावर तेजूने पाठवलेला चिवड्याचा डबा. डमडम स्टेशनवर शिपायाने पिशवीत डोकावून विचारलं, काय आहे.

"चिवडा."

"आणि खाली?"

"तोही चिवडा."

त्याने वरचा डबा उघडायला लावला. मी म्हटलं, घ्या. त्याने चिमूटभर तोंडात टाकला, गोड कमी आहे म्हणाला आणि सोडलं. तेजूला हे कळवायचं नाही.

दवाखान्यात एक मोठा कुत्रा, दोन पोपट आणि परडीत एक मांजर. मांजर पूर्ण वेळ माझ्या पिशवीकडे बघत होती. मी खुर्ची फिरवून बसलो. काउंटरवरच्या मुलाने पेटचं नाव विचारलं. मी काही ठरवलं नव्हतं. भवानी म्हणालो. थोड्या वेळाने त्याने मोठ्याने पुकारा केला, "भवानी सबनीस!" सगळे कोणी बाई उठेल म्हणून बघत राहिले. मी उठलो. आमच्या सख्ख्या आत्याचं नाव हेच होतं. ताईचं तिच्याशी कधी पटलं नाही.

डॉक्टर केतकी मित्र. वयाने लहान, चष्मा, बाहीवर मांजराचे केस. डबा उघडून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ही लेपर्ड गेको?"

"हो."

"लेपर्ड कुठे आहे?"

"आजारपणात ठिपके गेले," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की बाहेर कुत्रा भुंकायला लागला. मला वाटलं आता घालवून देतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि भिंग काढलं. "काका, ही टिकटिकी आहे, घरातली साधी पाल. माझ्या स्वयंपाकघरात चार आहेत. मी त्यांना फुकट फ्लॅट दिलाय."

मी डब्याचं झाकण हातात धरून बसलो.

"किती दिवस आहे तुमच्याकडे?"

"बहिणीची आहे," मी म्हणालो. हे का म्हणालो ते कळलं नाही. बहीण तर तिला हाकलायची.

मग त्यांनी नीट तपासलं. पाल कात टाकते. या वेळी कात पूर्ण निघाली नाही. बोटांवर चिकटून राहिली, म्हणून पकड गेली. डोळ्यावरही राहिली. दिसत नाही, चढता येत नाही, म्हणून खाल्लेलं नाही. रोज कोमट ओल्या कापसावर ठेवायचं, कात मऊ झाली की ओल्या बड्सने सोडवायची, ओढायची नाही. डोळ्यात थेंब. ओठावर औषधी पेस्टचा ठिपका लावायचा, ती चाटते. मग बारीक किडे. औषधं मोजायच्या काट्यावर वजन केलं. चार ग्रॅम.

"जगेल का?"

"आज नाही सांगता येणार. चार ग्रॅम उरलेत, किती गेलेत कोण जाणे. आवाज करायला लागली की जिंकलात. आणि काका, बरी झाली की भिंतीवर सोडायची. डब्यात ठेवायची नाही." मग पुन्हा भिंग लावलं. "आणखी एक. ही भवानी नाही. नर आहे."

येताना पूर्ण प्रवासात हाच विचार. नऊ वर्षं ताई त्याला काय काय बोलली. तिला सांगायला हवं होतं. मी मात्र भवानीच लिहिणार. सवय झाली आहे.


१५ सप्टेंबर

तीन बोटं मोकळी झाली. डोळा अजून झाकलेला. पेस्ट चाटते. एकदा माझ्या अंगठ्यावर बसून राहिली. पाय गार असतात.

किडे जिन्यातल्या दिव्यापाशी मिळतात. चहाच्या गाळणीने पकडतो. तळमजल्याच्या आभादींनी आज पकडलं. मला, किड्याला नव्हे. या ताईच्या मैत्रीण. दोघी संध्याकाळी गच्चीवर बसायच्या. ताईला त्या बर्गी म्हणायच्या. बर्गी म्हणजे पूर्वी बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. ताई म्हणायची, "अडीचशे वर्षं झाली, अजून हिशेब संपला नाही का तुमचा?"

"उदयबाबू, गाळणीने काय चाललंय?"

"किडे."

"कशाला?"

पाल आजारी आहे हे सांगायला संकोच वाटला. म्हणालो, "एक परदेशी प्राणी आहे. पालीसारखा. ओळखीच्यांचा." आभादींचे डोळे मोठे झाले. त्या काही न बोलता गेल्या हे पहिल्यांदाच पाहिलं.


१८ सप्टेंबर

आज फार विचित्र प्रकार झाला.

सोसायटीचे सेक्रेटरी सुमितबाबू, खजिनदार आणि आभादी असे तिघे आले. हातात दुर्गापूजेच्या वर्गणीचं पुस्तक होतं, पण वर्गणी मी गेल्या आठवड्यातच दिली आहे. सुमितबाबू सोफ्याच्या कडेवर बसले.

"दादा, तुम्ही शांत माणूस. नऊ वर्षांत तुमच्या घरातून रेडिओचा आवाज आला नाही. पण लोक म्हणतात तुमच्याकडे तक्षक आहे."

तक्षक म्हणजे हातभर लांबीची जंगली पाल. लोक ती चोरून विकतात. कोणीतरी परदेशात औषधासाठी अफाट किंमत देतं अशी अफवा आहे. पकडल्याच्या बातम्या इथल्या पेपरात येत असतात. शिक्षा होते.

"बर्गी ते बर्गीच," आभादी म्हणाल्या. "आधी लुटलंत, आता आमचे तक्षक विकता? कुसुमला काय वाटलं असतं?" ताईचं नाव कुसुम. आता या घरात हे नाव कोणी घेत नाही.

सुमितबाबू पाणी प्यायला आत गेले तेव्हा खजिनदार जवळ सरकले. हळूच म्हणाले, "वजन किती?"

"चार."

"चारशे ग्रॅम?"

"चार ग्रॅम."

त्यांचा चेहरा पडला. ते पुन्हा लांब जाऊन बसले आणि पोलिसांना कळवायला हवं म्हणाले.

पोलीस म्हटल्यावर मी डबा आणला. उघडला. तिघे वाकले. भवानी कापसावर बसली होती. एका डोळ्याने तिने सगळ्यांकडे बघितलं.

"ही तर टिकटिकी!" आभादी म्हणाल्या.

"हो."

"भिंतीवरची?"

"ट्यूबलाइटमागची."

मग औषधाची बाटली, बड्स, गाळणी, सगळं त्यांनी बघितलं. सुमितबाबूंचा आवाज एकदम मऊ झाला. दवाखान्यात रुग्णाशी बोलतात तसा.

"दादा, जेवण वेळेवर होतं ना?"

"होतं. आम्ही दोघंही वेळेवर जेवतो," मी म्हणालो.

ते एकमेकांकडे बघायला लागले. मी सत्य तेच सांगितलं होतं. चोर आहे असं वाटत होतं तोवर निदान मला शहाणा समजत होते. जाताना सुमितबाबूंनी माझ्या पाठीवर थोपटलं.


१९ सप्टेंबर

सुमितबाबूंनी तेजूला फोन केला. ताईच्या आजारपणात तिचा नंबर मीच त्यांना दिला होता.

"दादा, तू पालीच्या डोळ्यात औषध घालतोस?"

"दिवसातून दोनदा."

"अरे देवा."

"तीनदा सांगितलंय. पण दुपारी ती झोपते."

मग म्हणाली, "मी येतेय. आता मात्र ऐकणार नाही. तुला घेऊनच जाणार. फ्लॅटचं काय ते सुयश बघेल."

भवानीचा डोळा आज अर्धा मोकळा झाला. पण आवाज नाही.


२१ सप्टेंबर

तेजू दुपारी पोहोचली. बरोबर मोठी बॅग आणि खोकी बांधायची चिकटपट्टी. मला बघून रडली. मी चहा केला.

"तू वाळलास. आणि त्या पालीला किडे भरवतोस. लोक काय म्हणत असतील?"

"लोक तक्षक म्हणत होते. आता म्हणत नाहीत."

आज सर्वपित्री आहे, काही ठरवायचं नाही, उद्या घटस्थापनेला नारळ फोडून ठरवू, असं ती म्हणाली. पण आवराआवर करायला हरकत नाही म्हणून तिने ताईचं कपाट उघडलं. साड्यांचा वास आला. "या कोणाला द्यायच्या?" मी म्हटलं, घाई नाही. "मग कधी? दादा, तू तिची पिशवीसुद्धा खिळ्यावरून काढलेली नाहीस." थेंब घालायची वेळ झाली होती, म्हणून उठलो.

आज सगळी बोटं मोकळी झाली. हातावर धरून राहते, उलटा केला तरी पडत नाही. डबा जागेवर ठेवला. झाकण नीट लागलं नसावं. थोड्या वेळाने बघितलं तर डबा रिकामा.

हे तेजूला सांगणं भाग होतं. ती लहानपणापासून पालीला घाबरते. किंचाळली आणि डायनिंगच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"कपाट उघडं होतं दादा! कपाटात गेली असेल! साड्यांत!"

"शक्य आहे," मी म्हणालो.

"मी आता त्या कपाटात हात घालणार नाही."

"नको घालूस."

कपाट मी लावून घेतलं. ट्यूबच्या कडेला फिकट शेपटीचं टोक दिसत होतं. तिने ट्यूबबद्दल विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.


२२ सप्टेंबर

घटस्थापना. जागा थोडी, त्यामुळे तेजूने साधा कलश मांडला. आभादी प्रसाद घेऊन आल्या. तेजू आली आहे हे कळल्यापासून त्या घरात दोनदा डोकावून गेल्या होत्या. का ते माहीत नाही. आजही उगाच बसून राहिल्या.

तेजूने नारळ फोडला, हात जोडले आणि म्हणाली, "ठरलं. दादा दिवाळीच्या आधी पुण्याला येणार. इथे त्याचं आता कोणी नाही."

ट्यूबच्या मागून आवाज आला. चुक् चुक् चुक्.

मी उठून उभा राहिलो. बारा दिवसांत पहिल्यांदा तिने आवाज केला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, आवाज करायला लागली की जिंकलात.

तेजूचे हात जोडलेले तसेच. "कृष्ण कृष्ण," तिने पाटावर बोटांनी टकटक केलं. "अगं बाई. नेमकं आत्ताच कशी चुकचुकली? कलशासमोर?"

आभादींनीही सवयीने टेबलावर तीनदा टकटक केलं होतं. "ठीक, ठीक, ठीक," असं तोंडातून निघूनही गेलं.

"ठीक म्हणजे?" तेजूने विचारलं.

इथल्या लोकांचं वेगळं असतं. कोणी काही बोललं आणि लगेच टिकटिकीने आवाज केला, तर बोललेलं खरं ठरणार असं मानतात. आभादींनी ते तिला हिंदीत सांगायला सुरुवात केली. "आमच्याकडे याचा अर्थ असा, की तू जे म्हणालीस ते..." आणि अडल्या. माझ्याकडे बघितलं, मग खिळ्यावरच्या ताईच्या पिशवीकडे. चेहरा पडला होता.

"ते काय?" तेजू म्हणाली. "होणार म्हणतात का?"

आभादी ताठ बसल्या. पदर सारखा केला. शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला आहे त्यांनी, तो आवाज लागला.

"तेजस्विनी, ही टिकटिकी कोणाच्या घरात वाढली?"

"आमच्या."

"रोज कोणाच्या शिव्या खाल्ल्या? मराठीत ना? मग ही मराठी पाल आहे. बर्गी. बंगाली नियम हिला लागू नाही. तुमच्यात जो अर्थ असेल तोच धरायचा."

"आमच्यात अपशकुन," तेजू हळू आवाजात म्हणाली.

"मग झालं," आभादी म्हणाल्या. "मी काय सांगणार? तुमचं शास्त्र." आणि प्रसादाचं केळं सोलायला लागल्या.

तेजूने ट्यूबकडे बघितलं. "म्हणजे काल कपाटात नव्हतीच," ती म्हणाली.

"नसावी."

"तुला माहीत होतं."

मी खोबरं किसायला घेतलं.

"अगदी ताईसारखा झालायस तू," ती म्हणाली. "तीही अशीच. तोंड मिटून हवं ते करून घ्यायची." मग हसली, आणि हसताना डोळे पुसले. "वर्षश्राद्ध होऊ दे. तोवर काही ठरवत नाही. पण रोज फोन घ्यायचा. आणि लोकांना सांगायचं नाही की आम्ही दोघं जेवतो."

आभादींनी विचारलं ती मराठीत काय म्हणाली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, वर्षश्राद्धाला बामणाचा स्वयंपाक कोण करणार, तुम्हाला पुरण येत नाही, कुसुमने मला शिकवलंय. आणि गेल्या.

डॉक्टर केतकींना फोन करून आवाज आल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, ठिपके आले का? मी म्हटलं, येतील.


२४ सप्टेंबर

तेजूला विमानतळावर सोडलं. चिकटपट्टी विसरून गेली. डबा धुऊन उन्हात ठेवला. बड्स कचऱ्यात टाकले. गाळणी नवीन आणली, कारण जुनीतून चहा गाळवेना. आभादींनी वांग्याची भाजी पाठवली. कारण कळलं नाही.


२५ सप्टेंबर

बँकेत गेलो. भाजी आणली. दुपारी झोपलो. बाहेर पूजेच्या मंडपाचे बांबू ठोकायचं काम चालू आहे.

दिवेलागणीला ट्यूब लावली. भवानी बाहेर आली आणि तिथेच थांबली. मी खुर्चीत बसलो होतो. ती पुढे जाईना, मागे जाईना. कशाची तरी वाट बघत असावी.

झाडू दाराच्या मागे होता. तो घेतला आणि मुठीने भिंतीवर दोनदा आपटला. जोरात नाही. ती पळाली. कुठेही पाय घसरला नाही.

झाडू हातात होताच, म्हणून हॉलचा केर काढला. दिवे लागल्यावर केर बाहेर टाकायचा नसतो. कोपऱ्यात गोळा करून ठेवला आणि कुकर लावला.